दुधाची भुकटी

विदर्भातील उन्हाळा प्रखर असतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे तालुक्याचे गाव नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. वैशाखात तेथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. गुरे झाडांच्या सावलीत रवंथ करीत बसतात. परंतु याच कडक उन्हाचा घरोघर मोठा उपयोग करून घेतला जातो. अंगणात बाजेवर धुतलेले लुगडे पसरून त्यावर कुरडया, पापड, शेवया आणि मुगवड्या वाळत घालतात. छपरावर लाल मिरच्या पसरलेल्या असतात. दोन-चार दिवसांत हे सारे वाळण खडखडीत होते आणि डब्यात भरून ठेवले की वर्षभर पुरते.

असे का होते? ओला पदार्थ नासतो आणि वाळलेला टिकतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पदार्थ नासवणारे सूक्ष्म जंतू पाण्यावाचून वाढू शकत नाहीत. पदार्थातील पाणी काढून घेतले की त्यांचे पोषण थांबते. मनुष्याने ही गोष्ट फार प्राचीन काळी अनुभवाने ओळखली आणि सूर्याच्या उष्णतेला आपल्या कामाला जुंपले.

मात्र एक पदार्थ असा आहे की ज्याच्यापुढे महागावचे ऊनही हतबल होते. तो पदार्थ म्हणजे दूध. परातीत दूध ओतून उन्हात ठेवले तर काय होईल? वरच्या बाजूला साय धरेल. त्या सायीखालचे दूध ओलेच राहील आणि सुकण्यापूर्वीच आंबून फाटेल. गाईच्या दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. म्हशीच्या दुधात ते सुमारे ८३ भाग असते. इतके पाणी उन्हाने आटेपर्यंत जंतू स्वस्थ बसत नाहीत. बरे, दूध कढईत आटवावे, तर त्याचा खवा होतो. खवा चविष्ट खरा; पण तो थोड्याच दिवसांत खराब होतो आणि पाण्यात कालवला तरी त्याचे पुन्हा दूध होत नाही.

दुधातील पाणी काढावे, पण दूध करपू नये. ते कोरडे व्हावे, पण पाणी घालताच पुन्हा दूध व्हावे, अशी युक्ती हवी होती. ती कोणाला हवी होती? सर्वांत अधिक निकड होती ती दूध उत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला. कारण म्हैस वर्षभर सारखे दूध देत नाही. आपल्याकडे पुष्कळ म्हशी पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतर वितात. त्यामुळे हिवाळ्यात दुधाची रेलचेल होते. उन्हाळ्यात चारा व पाणी दुर्मिळ होते आणि दूध आटते. शहरातील माणसांना तर बाराही महिने सारखेच दूध लागते. हिवाळ्यात जास्तीचे दूध कोणी घेईना आणि उन्हाळ्यात हवे तेवढे दूध मिळेना, अशी दुहेरी अडचण होती. धान्य पेवात साठवता येते, कापूस गाठी बांधून ठेवता येतो. परंतु सकाळी काढलेले दूध संध्याकाळची वाट पाहत नाही. भाव मिळेल तो घेऊन ते विकून टाकण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसे.

या अडचणीवर जो उपाय सापडला, त्याला दूध फवारून वाळवण्याची पद्धत म्हणतात. तिचे मर्म दोन साध्या गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट अशी. ओले लुगडे पिळून त्याचा गोळा तसाच ठेवला तर ते दिवसभर ओले राहते. तेच दोरीवर पसरले तर घटकाभरात वाळते. पाणी पदार्थाच्या पृष्ठभागावरून उडून जाते. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितके वाळणे जलद होते. दुधाला दोरीवर पसरता येत नाही, पण त्याचे अतिसूक्ष्म थेंब करता येतात. एक लिटर दुधाचा एकच गोल थेंब केला, अशी कल्पना करा. त्याचा पृष्ठभाग शाळेच्या पाटीपेक्षा फारसा मोठा भरणार नाही. आता त्याच दुधाचे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या व्यासाचे थेंब केले, तर त्यांची संख्या सुमारे १५०० कोटी होईल. या सर्व थेंबांचा एकत्रित पृष्ठभाग १२० चौरस मीटर भरेल. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे एक लिटर दूध जणू कबड्डीच्या क्रीडांगणाएवढ्या जागेवर पसरल्यासारखे झाले! मग ते वाळायला दिवस कशाला लागतील? काही सेकंद पुरे होतात.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. थेंब वाळवण्यासाठी जी हवा वापरतात, ती १७० ते २०० अंशांपर्यंत तापवलेली असते. पाणी १०० अंशांना उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे ही हवा किती प्रखर असते याची कल्पना येईल. मग त्या हवेत दूध करपत कसे नाही? याचे उत्तर महागावच्या प्रत्येक घरात मिळते. उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी गार होते. वाळ्याचे ओले पडदे लावलेला कूलर बाहेरची तप्त हवा आत घेऊन गार हवा देतो. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. ती उष्णता वाफ आपल्याबरोबर घेऊन जाते आणि मागे गारवा उरतो. दुधाच्या थेंबाचेही तसेच होते. जोपर्यंत त्यातील पाणी उडून जात असते, तोपर्यंत तो आपल्याच वाफेमुळे गार राहतो. भोवती २०० अंशांची हवा असूनही ओल्या थेंबाचे तापमान ५० अंशांच्या आसपासच राहते. थेंब वाळत येतो तेव्हा तो तापू लागतो. परंतु तोवर भोवतालच्या हवेचा जोरही सरलेला असतो. पाण्याची वाफ करण्यात तिची बहुतेक उष्णता खर्च झालेली असते आणि ती १०० अंशांच्या खाली उतरलेली असते. अशा रीतीने थेंब त्या अग्निदिव्यातून करपल्यावाचून बाहेर पडतो.

आता कारखान्यात हे काम कसे चालते ते पाहू. गावोगावच्या संकलन केंद्रांतून आलेले दूध प्रथम तपासतात आणि जंतूंचा नाश करण्यासाठी ठरावीक तापमानापर्यंत तापवतात. बहुधा त्यातील साय यंत्राने वेगळी काढतात आणि तिचे लोणी व तूप करतात; उरलेल्या दुधाची भुकटी होते. साय न काढलेल्या दुधाचीही भुकटी करतात, परंतु तिच्यातील स्निग्धांश कालांतराने खवट होतो, म्हणून ती तितकी टिकत नाही.

त्यानंतर दूध आटवतात. मात्र ते कढईत आटवीत नाहीत. बंद पात्रातील हवा काढून घेतली की आतील दाब कमी होतो आणि मग दूध १०० अंशांच्या पुष्कळच खाली उकळू लागते. त्यामुळे त्याचा रंग व चव बिघडत नाही. अशी अनेक पात्रे एकापुढे एक जोडलेली असतात. एका पात्रातील दुधातून निघालेली वाफ वाया न घालवता पुढच्या पात्रातील दूध तापवण्यासाठी वापरतात. या काटकसरीचे कारण उघड आहे. फवारून पाणी उडवण्यापेक्षा असे आटवून पाणी काढण्यास इंधन कितीतरी कमी लागते. म्हणून जेवढे पाणी येथे काढता येईल तेवढे काढतात. शेवटी दूध इतके दाट होते की त्यात जवळजवळ निम्मा भाग घन पदार्थ असतो.

हे दाट दूध एका उंच, पोलादी, गोलाकार कक्षाच्या माथ्यावर जाते. हा कक्ष खाली निमुळता होत गेलेला असतो, आणि त्याची उंची कित्येक मजल्यांच्या इमारतीएवढी असते. माथ्यावर एक चाक मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे या वेगाने गरगर फिरत असते. त्याच्या कडेवरील छिद्रांतून दूध बाहेर फेकले जाते व त्याचे धुके होते. काही कारखान्यांत चाकाऐवजी बारीक तोटीतून मोठ्या दाबाने दूध फवारतात. पिकावर औषध फवारणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत सहज समजेल. त्याच वेळी गरम हवा कक्षात शिरते. थेंब खाली येता येता वाळतात आणि तळाशी भुकटी होऊन पडतात. हवेबरोबर उडून जाणारे बारीक कण पकडण्यासाठी ती हवा एका उभ्या नळकांड्यात वावटळीसारखी फिरवतात. मग जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात आणि हवा वरून निघून जाते. भुकटीत शेवटी शंभरात तीन-चार भागच पाणी राहते. ती थंड करून ओल न शिरणाऱ्या पिशव्यांत भरतात.

गाईच्या सुमारे आठ लिटर अखंड दुधापासून एक किलो भुकटी मिळते. तीत सात लिटर स्वच्छ पाणी घातले की पुन्हा दूध तयार होते. अतिबारीक भुकटी पाण्यात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात. वरचा थर भिजून चिकट होतो आणि आतील भुकटी कोरडीच राहते. म्हणून वाळलेल्या कणांना किंचित ओल देऊन ते एकमेकांस चिकटवतात व पुन्हा वाळवतात. अशा सच्छिद्र कणांत पाणी चटकन शिरते आणि भुकटी विरघळते.

फवारून वाळवण्याच्या या रीतीचे एकस्व अमेरिकेतील सॅम्युअल पर्सी यांनी १८७२ मध्ये घेतले होते. विसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत गाईच्या दुधाची भुकटी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. परंतु म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकणार नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक, केसीन नावाचे प्रथिन अधिक आणि कॅल्शियमही अधिक असते. त्यामुळे आटवताना ते लवकर घट्ट होते व उष्णतेने फाटण्याचा संभव असतो. भारतात तर म्हशीचेच दूध विपुल. मग येथील शेतकऱ्याने काय करावे?

हा प्रश्न तेव्हाच्या मुंबई राज्यातील आणंद या गावी ऐरणीवर आला. मुंबई शहराला दूध पुरवण्यासाठी १९४५ मध्ये शासनाने एक योजना सुरू केली होती. चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील आणंदहून आगगाडीने मुंबईस दूध येऊ लागले. दलालांकडून होणाऱ्या पिळवणुकीला कंटाळलेल्या तेथील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला सहकारी संघ स्थापन केला. त्याची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ रोजी झाली. १९४९ मध्ये आणंदला आलेले अभियंता वर्गीस कुरियन पुढे या संघाच्या कामात सामील झाले. संघ वाढला, गावोगाव संस्था निघाल्या. परंतु हिवाळ्यात म्हशी भरभरून दूध देऊ लागल्या की मुंबई ते सारे दूध घेत नसे. ज्या ऋतूत शेतकऱ्याने आनंदित व्हावे, त्याच ऋतूत त्याला चिंता लागे.

कुरियन यांचे सहकारी हरिचंद मेघा दलाया हे दुग्धतंत्रज्ञ होते. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकते, असा त्यांचा विश्वास होता. तज्ज्ञांशी वाद घालीत बसण्याऐवजी त्यांनी प्रयोग करून दाखवला. त्याची हकिकत कुरियन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. भिंतींना रंग देण्याचा फवारा आणि हवा तापवण्याचे साधन अशा साध्या वस्तूंच्या साहाय्याने दलायांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. समोर पडलेली भुकटी नाकारणे मग कोणालाच शक्य नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीने यंत्रसामग्रीसाठी साहाय्य दिले आणि त्याच्या मोबदल्यात संघाने गरीब मुलांना दूध मोफत द्यावे, असे ठरले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते आणंदच्या दुग्धालयाचे उद्घाटन झाले. हिवाळ्यातील जास्तीचे दूध आता भुकटी होऊन उन्हाळ्याची वाट पाहत थांबू शकत होते. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बालकांसाठी अन्न तयार करण्याची कृतीही सिद्ध केली.

१९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ ही देशव्यापी योजना सुरू झाली. युरोपातील देशांकडून देणगी म्हणून आलेली दुधाची भुकटी व लोण्याचे तेल यांपासून पुन्हा दूध बनवून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत विकण्यात आले. त्या विक्रीतून आलेला पैसा देशातील दुग्धालये व सहकारी संस्था उभारण्यासाठी वापरला गेला. परदेशी भुकटीची कायमची सवय न लागू देता तिच्याच आधाराने देश आपल्या पायांवर उभा राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारत जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश झाला.

या भुकटीचे महत्त्व महाराष्ट्राला २०२० मध्ये पुन्हा एकदा कळून आले. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. उपाहारगृहे व मिठाईची दुकाने बंद पडली आणि दुधाची मागणी एकाएकी घटली. गाई-म्हशींना मात्र टाळेबंदी ठाऊक नव्हती. त्यांना रोज चारा घालावा लागे आणि रोज त्यांची धार काढावी लागे. त्या वेळी महाराष्ट्र शासनाने एप्रिलपासून शेतकऱ्यांचे रोज १० लाख लिटरपर्यंत जास्तीचे दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना राबवली. त्यातील काही भुकटी आदिवासी भागातील बालकांना व मातांना देण्याचेही पुढे ठरले.

फवारून वाळवण्याची ही रीत आता दुधापुरतीच राहिलेली नाही. पाण्यात चटकन विरघळणारी कॉफी, अंड्यांची भुकटी, कित्येक औषधे, कपडे धुण्याची पूड आणि फरशा बनवण्यासाठी लागणारी मातीची भुकटीही याच रीतीने करतात. तथापि तिला काही मर्यादाही आहेत. विदर्भाच्या संत्र्याचा रस नुसताच फवारला तर त्यातील साखर मऊ होऊन कक्षाच्या भिंतींना चिकटते. म्हणून त्यात पिष्टापासून केलेला एखादा कोरडा पदार्थ मिसळावा लागतो. बारीक भुकटी हवेत उडत असताना ठिणगी पडली तर स्फोट होण्याचे भय असते. त्यामुळे कारखान्यात फार दक्षता बाळगतात. शिवाय हवा तापवण्यासाठी इंधन पुष्कळ लागते. म्हणून ताज्या दुधाला गिऱ्हाईक असेल तेथे ते ताजेच विकणे शहाणपणाचे. जे उरेल त्याची भुकटी करावी.

पाण्याची वाफ होताना गारवा येतो, हे माठ घडवणाऱ्या कुंभाराला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पसरलेले कापड लवकर वाळते, हे घरातील लहान मुलालाही कळते. याच दोन गोष्टी विचारपूर्वक एकत्र आणल्या आणि त्यांना चिकाटीच्या प्रयोगाची जोड दिली, तेव्हा जे दूध एक रात्रही थांबत नव्हते ते महिनोन्‌महिने टिकू लागले. पहाटे उठून धार काढणाऱ्या असंख्य शेतकऱ्यांच्या कष्टांचे मोल त्यामुळे राखले गेले.

स्वाध्याय

१. उन्हात ठेवलेले दूध वाळण्यापूर्वीच का नासते?
२. अतिशय तप्त हवेतही दुधाचा थेंब का करपत नाही? माठाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. हिवाळ्यात भरपूर दूध असूनही आणंदच्या शेतकऱ्यांना चिंता का वाटत असे?
४. हरिचंद दलाया यांनी तज्ज्ञांची शंका कशी दूर केली?
५. तुमच्या घरी उन्हाळ्यात कोणकोणते पदार्थ वाळवतात? त्यांपैकी एकाची कृती दहा ओळींत लिहा.